अहो, लाइट चालू आहे!

मंडळी, २०१७ च्या एप्रिल-मे महिन्यात पुण्यात नवीन स्कूटर घेतलेल्या माणसाला एक गोष्ट हमखास ऐकावी लागायची. भर दुपारी बारा वाजता सिग्नलला उभं राहावं, तर शेजारचे काका मान वळवून म्हणणार, "अहो, लाइट चालू आहे!" समोरून येणारा हात वर करून बोटांची उघडझाप करणार. पुढच्या चौकात एखाद्या काकू तेच सांगणार. पुणेकर उगाच बदनाम आहेत हो... स्टँड वर घ्यायचा राहिलाय, ओढणी चाकात जातेय, लाइट चालू राहिलाय, हे अनोळखी माणसाला इतक्या आपुलकीने (आणि इतक्या जोरात) सांगणारं दुसरं शहर मी तरी पाहिलेलं नाही :-)

त्या काकांना माहीत नव्हतं की तो लाइट बंद करायला गाडीला बटणच नाही. १ एप्रिल २०१७ नंतर भारतात बनलेल्या प्रत्येक दुचाकीचा पुढचा दिवा इंजिन सुरू झालं की आपोआप लागतो आणि इंजिन बंद झालं की विझतो. या व्यवस्थेचं अधिकृत नाव 'ऑटोमॅटिक हेडलॅम्प ऑन'. त्याची इंग्रजी आद्याक्षरं घेतली की होतं ए-एच-ओ, म्हणजे चक्क 'अहो'! सरकारी अधिसूचनेत इतकं मराठी वळण क्वचितच सापडतं.

गंमत इथे संपते. नियम आला आणि काही महिन्यांतच 'अहो' बंद करून देणारे उपाय गॅरेजांमधून मिळायला लागले. हेडलाइटच्या वायरमध्ये एक छोटा स्विच टाकायचा, नाहीतर उजव्या हँडलवरचा स्विचचा संच बदलून जुन्या पद्धतीचा, लाइटचं बटण असलेला बसवायचा. काही शे रुपयांचं आणि अर्ध्या तासाचं काम. आमच्या टीममधल्या एकाने असा स्विच बसवून घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत कौतुकाने दाखवला. त्यावरून जो वाद झाला तो डबे संपले तरी संपला नाही. "माझ्या गाडीचा दिवा, कधी लावायचा ते मी ठरवणार" हा त्याचा मुद्दा. ऐकायला अगदी बरोबर वाटतो ना? मलाही वाटला. पण 'माझ्या गाडीचा दिवा' म्हणजे नक्की कुणाचा, हे नीट समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं. या शनिवार-रविवारी तेच करू.

सुरुवात अर्थात सायकलीपासून. पुणे सायकलींचं शहर होतं तेव्हा रात्री बिनदिव्याची सायकल चालवणं हा गुन्हा होता. आजोबांच्या पिढीतल्या कुठल्याही पुणेकराला विचारा, डबलसीट आणि विनादिवा या दोन गुन्ह्यांच्या आठवणी रंगवून सांगेल. आधी रॉकेलचे दिवे होते, मग डायनामो आला. मागच्या किंवा पुढच्या टायरला चिकटून फिरणारी ती बाटलीच्या आकाराची छोटी वस्तू, साधारण ६ व्होल्ट आणि ३ वॉटची. चाक फिरलं की दिवा लागणार, चाक थांबलं की विझणार. पाय मात्र जड व्हायचे, कारण ते ३ वॉट शेवटी आपल्याच मांड्यांतून यायचे.

आणि पळवाटा? त्या तेव्हाही होत्याच. चौकात पोलीस दिसला की सायकलवरून उतरायचं, सभ्यपणे सायकल हातात धरून चालत चौक ओलांडायचा आणि पलीकडे गेलं की पुन्हा टांग मारायची. चालणाऱ्या माणसाला दिवा लागत नाही! कायद्यातली फट शोधण्याची आपली परंपरा किती जुनी आहे बघा.

पण एक लक्षात घ्या. रस्त्यावर नगरपालिकेचे दिवे होते, रस्ता पायाखालचा होता, वेग बेताचा होता. ३ वॉटच्या त्या पिवळट प्रकाशात सायकलवाल्याला खड्डासुद्धा नीट दिसत नसे. मग कायद्याला तो दिवा कशाला हवा होता? समोरून येणाऱ्या टांगेवाल्याला, मोटारवाल्याला, रस्ता ओलांडणाऱ्याला सायकल दिसावी म्हणून. म्हणजे दुसऱ्याला दिसण्यासाठीचा दिवा ही कल्पना युरोपातून २०१७ साली विमानाने आलेली नाही. ती आपल्या पेठांमध्ये आधीपासून होती, फक्त रात्रीपुरती.

पुढचा टप्पा स्कूटरचा, आणि तो तर पुण्याचाच. बजाज ऑटोने १९६० च्या सुमारास इटलीच्या पिआज्जिओच्या परवान्याखाली भारतात व्हेस्पा स्कूटर बनवायला सुरुवात केली. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ साली 'चेतक' आली. त्याच वर्षी फिरोदियांच्या कायनेटिकने 'लूना' आणली. हळूहळू सायकली मागे पडल्या. २०१८ मध्ये आरटीओचे आकडे प्रसिद्ध झाले तेव्हा पुण्यातल्या नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांच्या पुढे, म्हणजे शहराच्या लोकसंख्येच्याही पुढे गेली होती. त्यातल्या साधारण २७ लाख दुचाकी!

चेतक-लूनाच्या काळातल्या दिव्यांची एक तांत्रिक गंमत आहे. त्यांचा हेडलाइट थेट मॅग्नेटोवर चालायचा. इंजिन बंद म्हणजे दिवा बंद. इंजिन सिग्नलला हळू फिरत असेल तर दिवा निखाऱ्यासारखा लालसर आणि अॅक्सिलरेटर पिळला की लख्ख. रात्री अंधाऱ्या रस्त्यावर स्कूटर हळू करून खड्डा शोधायला जावं तर नेमका तेव्हाच दिवा मंद व्हायचा. ज्यांनी बाबांच्या मागे बसून हा अनुभव घेतलाय त्यांना वेगळं सांगायला नको. तर दिवा इंजिनाला बांधलेला असणं हेही आपल्याला नवीन नाही. फरक एवढाच की मध्ये एक बटण होतं आणि ते आपल्या अंगठ्याखाली होतं.

त्या काळात कायद्याचं लक्ष मात्र दुसरीकडे वळलं होतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यातला १०५ वा नियम सांगतो की सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने, किंवा पुरेसा उजेड नसेल तेव्हा केव्हाही, दिवे लावा आणि पुढच्या दिव्यांनी १५५ मीटरवरची माणसं आणि वाहनं स्पष्ट दिसली पाहिजेत. म्हणजे दिवा बघण्यासाठी. लगेच पुढचा, १०६ वा नियम सांगतो की दिव्याचा झोत कायमचा खाली वळवलेला हवा, ८ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. जुन्या अॅम्बॅसॅडर, फियाट, एसटी आणि ट्रकच्या हेडलाइटच्या वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग फासलेला तुम्ही पाहिला असेल. त्यामागे हाच विचार होता. स्वतःला दिसावं पण समोरच्याला त्रास होऊ नये. दिवसाचा उल्लेख या विचारात कुठेच नव्हता. दिवसा दिवा लावणारा एकतर लग्नाच्या वरातीत, नाहीतर अँब्युलन्समध्ये.

दिवसाचा दिवा आला तो उत्तरेकडच्या देशांतून. फिनलंडने १९७२ मध्ये हिवाळ्यात शहराबाहेरच्या रस्त्यांवर दिवसा दिवे लावणं सक्तीचं केलं. स्वीडनने १९७७ मध्ये वर्षभर आणि सगळीकडे. पाठोपाठ नॉर्वे, आइसलँड, डेन्मार्क. तिथलं कारण सरळ होतं. हेलसिंकी साधारण ६० अंश उत्तर अक्षांशावर आहे, पुणे साडेअठरावर. हिवाळ्यात तिथला सूर्य क्षितिजावरून जेमतेम डोकं वर काढतो आणि दुपारीच संध्याकाळ होते. तिथे कुणी "लाइट चालू आहे" म्हणून हटकलं नसेल.

आपल्याकडे 'अहो'वर घेतला जाणारा सगळ्यात मोठा आक्षेप इथूनच येतो. "स्वीडनचं ठीक आहे हो, पण आपल्या मे महिन्याच्या उन्हात दिवा कशाला? सूर्याला कंदील दाखवायचा का?" आक्षेप बिनतोड वाटतो. पण दुचाकींच्या दिव्याचा इतिहास स्वीडनच्या अंधारातला नाहीच. तो घडला कॅलिफोर्नियाच्या उन्हात.

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरी हर्ट यांच्या टीमने लॉस एंजेलिसच्या परिसरात मोटारसायकलींच्या सुमारे ९०० अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली आणि ३,६०० पोलीस अहवाल वाचून काढले. हा 'हर्ट रिपोर्ट' १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही या विषयावर बोलणारा माणूस त्याच्यापाशी थांबल्याशिवाय पुढे जात नाही. मोटारसायकल आणि दुसरं वाहन यांच्या अपघातांपैकी साधारण दोन तृतीयांश वेळा दुसऱ्या वाहनाने मोटारसायकलचा रस्ता अडवलेला होता. आणि त्या चालकांचं म्हणणं बहुतेक वेळा एकच होतं. मोटारसायकल दिसलीच नाही, किंवा दिसली तेव्हा फार उशीर झाला होता. ज्यांचा दिवा दिवसा चालू होता किंवा ज्यांच्या अंगात भडक रंगाचं जाकीट होतं, ते अपघातात कमी प्रमाणात सापडले, असंही त्यात नोंदवलंय. कॅलिफोर्नियाने तर अहवाल येण्याआधीच, १९७८ पासूनच्या नव्या मोटारसायकलींना इंजिनाबरोबर आपोआप लागणारा दिवा सक्तीचा केला होता. लॉस एंजेलिसमध्ये उन्हाची टंचाई होती असं कुणी म्हणणार नाही!

मग भर उन्हात "दिसलीच नाही" हे कसं काय? याचं उत्तर उजेडात नाही, आकारात आहे. समोरून येणारी वस्तू किती लांब आहे आणि किती वेगात येतेय हे आपला मेंदू ती वस्तू किती भराभर मोठी होत जाते त्यावरून ताडतो. बस समोरून आली तर तिचा आकार लगेच वाढताना जाणवतो. दुचाकी समोरून बघितली तर जेमतेम हातभर रुंदीची उभी रेघ. ती बराच वेळ रेघच राहते आणि मग एकदम अंगावर येते. त्यातून मागे झाडं, पाट्या, रिक्षा, उभ्या गाड्या असा पसारा असला की ती रेघ त्यात विरघळून जाते. उजवीकडे वळणारा कारवाला खरोखर त्या दिशेला बघतो आणि खरोखर त्याला काही दिसत नाही. दिवा त्या रेघेला एक ठळक ठिपका देतो. काम तेवढंच.

आपल्याशी सगळ्यात जवळचा दाखला मलेशियाचा. विषुववृत्ताच्या शेजारचा, दुचाकींनी भरलेला देश. तिथे १९९२ मध्ये मोटारसायकलींना दिवसा दिवा लावायची मोहीम सुरू झाली. रादिन उमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, 'न दिसल्यामुळे होणारे' म्हणता येतील असे मोटारसायकलींचे अपघात प्रायोगिक भागात सुमारे २९ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. ऊन तिथेही आपल्यासारखंच.

इथपर्यंत वाचून वाटेल की दिवा बंद करणारे सगळे अडाणी. तसं नाही. त्यांची बाजू समजून घ्यायची तर दुचाकी सोडून छोट्या कारकडे वळायला हवं, कारण हा स्विचचा खेळ उत्तर अमेरिकेत आपल्या वीस वर्षं आधी खेळून झालाय.

कॅनडाने १ डिसेंबर १९८९ नंतर बनलेल्या प्रत्येक नव्या कारला दिवसाचे दिवे सक्तीचे केले. टोरांटोतल्या ज्या मराठी मंडळींनी १९९० नंतर तिथे नवी गाडी घेतली, त्यांनी 'अहो' आपल्या आधी पंचवीस वर्षं अनुभवलाय. अमेरिकेत सक्ती झाली नाही, पण १९९३ मध्ये परवानगी मिळाली आणि जनरल मोटर्सने १९९५ पासून आपल्या गाड्यांना ते बसवायला सुरुवात केली. आता इथे इंजिनिअरांची काटकसर आली. वेगळा दिवा बसवायचा म्हणजे खर्च. त्यापेक्षा आहे तोच हेडलाइट कमी व्होल्टेजवर लावा की! काही गाड्यांत डावा-उजवा हाय-बीम चक्क सीरिजमध्ये जोडला, म्हणजे प्रत्येकाला निम्मं व्होल्टेज. स्वस्त, सुटसुटीत. पण हाय-बीमचा झोत सरळ समोरच्याच्या डोळ्यांत जातो. अमेरिकेच्या नियमात अशा दिव्याला ७,००० कँडेलापर्यंत तीव्रता चालत होती. युरोपातल्या दिवसाच्या दिव्यांच्या नियमात तेव्हा कमाल मर्यादा ८०० होती. म्हणजे जवळपास नऊपट!

लोक वैतागले. समोरून येणारे वैतागले, पुढच्या गाडीतले आरशात बघून वैतागले. तक्रारींचा ढीग पडला. सेकंडहँड छोट्या गाड्यांचे मालक फ्यूज काढायला लागले, रिले उपटायला लागले. काही गाड्यांत हँडब्रेक लावला की दिवसाचे दिवे बंद होतात, म्हणून तो एक खटका वर ओढून गाडी चालवायची युक्तीही निघाली. (कृपया करू नका. अर्धवट लागलेला हँडब्रेक मागचे ब्रेक खातो.) अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा संस्थेने १९९८ मध्ये ७,००० ची मर्यादा १,५०० वर आणायचा प्रस्ताव मांडला, आणि २००४ मध्ये तो गुंडाळून ठेवला. २००८ साली त्याच संस्थेच्या अभ्यासात कारच्या दिवसाच्या दिव्यांचा एकूण अपघातांवर ठोस म्हणावा असा परिणाम आढळला नाही. दिवे सगळ्यांना सक्तीचे करा हा जनरल मोटर्सचा २००१ चा अर्ज २००९ मध्ये फेटाळला गेला. ऑस्ट्रियाने २००५ मध्ये दिवसा दिवे लावायची सक्ती केली आणि २००८ उजाडताच मागे घेतली. दिवे लावलेल्या गाड्यांच्या गर्दीत पायी चालणारे आणि सायकलवाले नजरेतून सुटतात, हा तिथला एक मोठा आक्षेप होता. युरोपीय संघाने मात्र २०११ पासून कारच्या नव्या मॉडेलांना दिवसाचे दिवे सक्तीचे केले, पण स्वतंत्र आणि मर्यादित तीव्रतेचे. आजच्या नव्या कारच्या भुवयांसारखी दिसणारी एलईडीची रेघ ती हीच.

या सगळ्या हकिगतीतून मला दोन गोष्टी दिसतात. दिवसाच्या दिव्याचा फायदा सगळ्यांना सारखा नाही. कार मुळातच मोठी असते, ती एरवीही दिसते. ज्याचा आकार छोटा आणि ज्याच्या अंगावर पत्रा नाही, त्याला दिवा जास्त उपयोगी. दुसरं असं, की ज्यांनी फ्यूज काढले त्यांची तक्रार खोटी नव्हती. दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी असलेला दिवा जर दुसऱ्याच्या डोळ्यांतच खुपत असेल, तर तो आपलं काम विसरलाय.

आता पुन्हा पुण्यात येऊ. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या रस्ता सुरक्षा समितीने दुचाकींना 'अहो' बसवण्याची शिफारस केली. फेब्रुवारी २०१६ मध्ये अधिसूचना निघाली आणि १ एप्रिल २०१७ ही तारीख ठरली. नेमक्या त्याच तारखेपासून बीएस-३ गाड्यांची विक्री बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्चला दिला. मग ३० आणि ३१ मार्चला शोरूममध्ये जी झुंबड उडाली ती आठवत असेल. हजारो रुपयांची सूट, दुपारपर्यंत साठा खलास. त्या दोन दिवसांत धूर जास्त सोडणाऱ्या गाड्यांबरोबर लाइटचं बटण असलेल्या शेवटच्या गाड्याही मोठ्या संख्येने विकल्या गेल्या, याकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही.

वाहनांचे भारतीय मानदंड तयार करण्यात आणि गाड्या त्यांवर तपासण्यात ज्या संस्थेचा मोठा वाटा आहे, ती एआरएआय १९६६ पासून पुण्यातच आहे. वेताळ टेकडीच्या त्या बाजूला लोक 'एआरएआयची टेकडी' म्हणून फिरायला जातात. टेकडीवर गाड्या तपासायच्या आणि टेकडीखाली वायर कापायची, म्हणजे दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!

एक गोष्ट लक्षात येण्यासारखी आहे. हेल्मेटसक्तीला पुण्याने उघड विरोध केला. समित्या झाल्या, आंदोलनं झाली, जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा रस्त्यावर निदर्शनं झाली. दिव्याविरुद्ध मात्र मोर्चा निघाल्याचं ऐकिवात नाही. हेल्मेट डोक्यावर बसतं, केस बिघडवतं, ते विसरता येत नाही. दिवा काहीच मागत नाही. त्यामुळे त्याचा विरोधही गुपचूप झाला, एकेका गॅरेजमध्ये, एकेका वायरीवर.

आता गॅरेजवाल्याकडे जाण्यामागची कारणं एकेक करून बघू.

पहिलं, पेट्रोल. दिवा बहुतेक गाड्यांत ३५ वॉटचा. जनरेटरची कार्यक्षमता ५० टक्के आणि इंजिनाची २० टक्के धरली, तर ३५ वॉटसाठी साधारण ३५० वॉटचं इंधन जळतं. तासाला ०.३५ युनिट. एका लिटर पेट्रोलमध्ये ढोबळमानाने ९ युनिट ऊर्जा असते, म्हणजे तासाला ४० मिलिलिटरच्या आसपास. लिटरला शंभर रुपये धरले तर चार रुपये. पण थांबा, हा वरचा आकडा झाला. अनेक छोट्या दुचाकींत कायमच्या चुंबकाचा जनरेटर असतो. तो दिवा लावा न लावा, फिरतच असतो, आणि जास्तीची वीज रेग्युलेटर उष्णता करून वाया घालवतो. अशा गाडीत दिवा बंद करून वाचतं ते त्याहून बरंच कमी. सिग्नलला साठ सेकंद इंजिन चालू ठेवणाऱ्याने या बचतीची गोष्ट करू नये.

दुसरं, बल्ब लवकर जातो. हे खरं आहे. हॅलोजन बल्बचं आयुष्य तासांत मोजतात. रोज दोन तास दिवसा जाळला तर तो लवकर मान टाकणारच. त्याला उपाय म्हणजे एक जास्तीचा बल्ब डिकीत ठेवणे. नव्या एलईडी दिव्यांत हा प्रश्न जवळपास उरलेला नाही.

तिसरं, लोक सारखे हटकतात. मंडळी, हे कारण २०१७ मध्ये चाललं असतं. आता काकांनाही सवय झालीये.

चौथं, कायदा काय करणार? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. पोलीस प्रत्येक स्कूटरची वायर तपासत बसत नाहीत हेही खरं. पण दंडाच्या भीतीपेक्षा मला एक आकडा जास्त मोठा वाटतो. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवर होती. शंभरातली जवळजवळ पंचेचाळीस. यातली किती दिव्यामुळे वाचली असती हे या आकड्यावरून ठरत नाही, आणि वेग, दारू, खड्डे, हेल्मेट ही कारणं आहेतच. पण दुचाकीवर बसणारा माणूस किती उघडा आहे, हे समजायला एवढं पुरे.

पाचवं कारण, "माझा दिवा, माझी मर्जी". यासाठीच एवढा इतिहास उगाळला. हेल्मेट घातलं नाही तर डोकं माझं, असं निदान म्हणता तरी येतं (घरच्यांना विचारून म्हणा). दिव्याचं तसं नाही. दिवसा तो मला काहीच दाखवत नाही. तो कर्वे रस्त्यावर उजवीकडे वळायच्या बेतात असलेल्या कारवाल्यासाठी आहे, ज्याला निर्णय घ्यायला एक-दोन सेकंद मिळणार आहेत. तो सोसायटीच्या गेटमधून रिव्हर्स येणाऱ्या गाडीसाठी आहे. तो स्विच बसवून मी माझी वीज वाचवत नाही, त्या अनोळखी माणसाला माझ्याबद्दल मिळणारी माहिती काढून घेतो. आपल्या भाषेत सांगायचं तर आउटपुट माझ्या गाडीचं असलं तरी त्याचा युजर दुसराच आहे. दुसऱ्या टीमला लागणारं आउटपुट "मला उपयोग नाही" म्हणून बंद करून बघा, सोमवारी काय दिवे लावलेत ते ऐकून घ्यावं लागेल!

याच न्यायाने दुसरी बाजूही आली. दिवा दुसऱ्यासाठी असेल तर त्याच्या डोळ्यांचा विचारही करायला हवा. दिवसरात्र हाय-बीमवर फिरणारे, बाजारातून भलत्या ताकदीचा पांढराफटक एलईडी आणून बसवणारे, झोत आकाशाकडे करून ठेवणारे हे वायर कापणाऱ्यांच्या रांगेतच बसतात. घरच्या पार्किंगमध्ये भिंतीपासून सात-आठ मीटरवर गाडी उभी करा, स्टँडवरून खाली घेऊन कुणाला तरी वर बसवा आणि लो-बीम लावा. भिंतीवरच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीच्या खाली पडायला हवी. वर जात असेल तर बहुतेक गाड्यांत एका स्क्रूचं काम असतं. स्विच टाकायला लागतो त्याच्यापेक्षा कमी वेळ लागतो, आणि गॅरेजवाला पैसेही घेत नाही.

आणि शेवटी, ज्यांना दिवाच नाही त्यांचं काय? त्याच २०२२ च्या आकड्यांत पायी चालणारे ३२,८२५ आहेत. सगळ्या दुचाकी उजळल्या, कारच्या भुवया उजळल्या, तर ऑस्ट्रियातला तो आक्षेप आपल्या रस्त्यांना जास्तच लागू होतो. फूटपाथ नाही म्हणून रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या आजी, शाळेतून सायकलने घरी निघालेला मुलगा, भाजीची हातगाडी ढकलणारा माणूस... नजर ठळक ठिपके टिपायला शिकली की हे सगळे फिके पडतात. यांना कुठलीही अधिसूचना इंजिनाबरोबर लागणारा दिवा देऊ शकत नाही. त्यांच्यासाठी आपला वेग कमी ठेवावा लागतो आणि बघावं लागतं. त्याला अजून ऑटोमॅटिक काही निघालेलं नाही.

असो. आमच्या त्या मित्राचा स्विच अजून जागेवर आहे. वाद चालू आहे :-)